ग्लासगोच्या टेकडीवरचं स्मशान देवळांच्या गावासारखं का दिसतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मुलीकडे ग्लासगोला गेलो होतो. कॅथीड्रल बघायला गेलो तर मागच्या टेकडीवर अख्खं गाव वसल्यासारखं दिसलं. पूल ओलांडून गेल्यावर कळलं, हे स्मशान आहे. ग्रीक देवळं, इजिप्शियन स्तंभ, घुमट सगळं आहे, पण ख्रिस्ती दफनभूमी असून क्रूस फार कमी. शहराच्या ऐन डोळ्यांसमोर हे कुणी आणि का बांधलं? आणि इतके दगड आडवे का पडले आहेत?"

मी स्कॉटलंडात जुन्या दगडी बांधकामांच्या जतनाचं काम करते. वीस वर्षं होऊन गेली. त्याआधी वाईच्या घाटांवर आणि पुण्याच्या वाड्यांत चुन्याचं काम शिकले. या टेकडीवर मी कामासाठी गेले आहे, आणि त्याहून जास्त वेळा काम नसतानाही गेले आहे. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

एक गोष्ट आधी सांगते, कारण ती कळली की तुमचे बहुतेक प्रश्न सुटतात. हे स्मशान चर्चनं बांधलेलं नाही, सरकारनं किंवा नगरपालिकेनंही नाही. ते व्यापाऱ्यांनी बांधलं. मर्चंट्स हाउस ही ग्लासगोच्या व्यापाऱ्यांची जुनी संस्था. तिनं १६५० साली ही जमीन घेतली. खडकाळ, शेतीला निरुपयोगी. म्हणून तिच्यावर फरची झाडं लावली आणि टेकडीला 'फर पार्क' हे नाव पडलं. पुढे शहराच्या धुरात ती झाडं तग धरेनात.

टेकडीच्या माथ्यावर जो सर्वांत उंच स्तंभ दिसतो तो जॉन नॉक्सचा. तो १८२५ सालचा, म्हणजे स्मशानाच्या आधीचा. नॉक्स हा स्कॉटलंडच्या धर्मसुधारणेचा पुढारी. त्याला इथे पुरलेलं नाही. १५७२ साली तो एडिंबरात वारला आणि तिथेच त्याचं दफन झालं. येणारे बरेच जण तो स्तंभ म्हणजे नॉक्सची कबर समजून फोटो काढतात. थॉमस हॅमिल्टननं रचलेला तो डोरिक, म्हणजे साध्या ग्रीक धाटणीचा स्तंभ आहे आणि वर पुतळा. आधी हा एकटाच होता, मग त्याच्या पायाशी नगर वसलं.

आता काळ बघा. १८०१ साली ग्लासगोची वस्ती सुमारे ७७ हजार होती, १८३१ पर्यंत ती दोन लाखांवर गेली. सुताच्या गिरण्या, रसायनांचे कारखाने, आयर्लंड आणि हायलंड्स या स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून येणारी माणसं. मेलेली माणसं मात्र अजून चर्चच्या त्याच चिमूटभर आवारांत पुरली जात होती. एकावर एक, वीतभर मातीखाली. त्यात प्रेतचोरांची दहशत. वैद्यकीय शाळांना चिरफाडीसाठी प्रेतं हवी असत आणि ताज्या कबरी रात्रीत उकरल्या जात. लोक कबरीवर लोखंडी पिंजरे बसवत, नातेवाईक रात्रभर पहारा देत. बर्क आणि हेअर या दोघांनी १८२८ साली एडिंबरात कबरी उकरण्याचीही तसदी घेतली नाही, सरळ माणसं मारून प्रेतं विकली. १८३२ साली पार्लमेंटनं कायदा करून चिरफाडीसाठी प्रेतं मिळवायचा रीतसर मार्ग खुला केला. त्याच वर्षी कॉलरा आला आणि एकट्या ग्लासगोत सुमारे तीन हजार माणसं गेली.

अशा वेळी व्यापाऱ्यांची नजर पॅरिसकडे गेली. तिथे १८०४ साली पेर लाशेझ ही बागेसारखी दफनभूमी शहराबाहेरच्या टेकडीवर सुरू झाली होती. मर्चंट्स हाउसचा कारभारी जॉन स्ट्रँग यानं १८३१ साली एक पुस्तक लिहून ग्लासगोलाही असंच हवं, असा आग्रह धरला. संस्थेचा पुढारी जेम्स युइंग या कल्पनेच्या मागे उभा राहिला.

इथे थोडं आडवाटेला जाते, कारण हे मराठी माणसाला माहीत असायला हवं. शहराबाहेर, मोकळ्या जागी, स्थापत्य म्हणून कबरी उभारायच्या, ही कल्पना इंग्लंडात मांडणाऱ्या सुरुवातीच्या लोकांत जॉन व्हॅनब्रू हा वास्तुकार होता. १७११ साली त्यानं लंडनच्या चर्चसमितीला सुचवलं की दफन चर्चच्या आवारात नको, सुरतेला इंग्रज करतात तसं गावाबाहेर करा. त्यानं सुरत पाहिली होती, कारण तरुणपणी तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत तिथे होता. आणि सुरतेच्या त्या दफनभूमीत सर्वांत मोठी घुमटाची कबर कुणाची? जॉर्ज ऑक्झेंडनची. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा इंग्रजांची वखार ज्यानं लढवली, तोच. १६६९ साली तो वारला आणि मोगली धाटणीच्या दुमजली वास्तूखाली भावाशेजारी विसावला. ग्लासगोची टेकडी सुरतेवरून उचलली असं मी म्हणत नाही, तिचा नमुना पॅरिसच. पण युरोपात ही कल्पना रुजायच्या कितीतरी आधी ती हिंदुस्थानात दगडात उभी होती, एवढं खरं.

ग्लासगोत १८३१ साली आराखड्यांची स्पर्धा झाली. पहिलं बक्षीस डेव्हिड ब्राइसला मिळालं, पण टेकडीवरच्या वाटा, वळणं आणि झाडं यांचं प्रत्यक्ष काम बागांतला जाणकार जॉर्ज मिल्नकडे गेलं. हे महत्त्वाचं आहे. या टेकडीवर एकही वाट सरळ वर चढत नाही. प्रत्येक वळणावर समोर एक वास्तू येते, मग ती झाडामागे जाते आणि दुसरी येते. हा योगायोग नाही. इंग्लंड-स्कॉटलंडच्या मोठ्या बागांतली ही कला स्मशानात आणली आहे. जागेचे भाग पाडून त्यांना अल्फा, बीटा, गॅमा अशी ग्रीक अक्षरं दिली. 'नेक्रोपोलिस' हा शब्दही ग्रीक, अर्थ मृतांचं नगर.

व्यापाऱ्यांच्या हिशेबात पंथ येत नव्हता. जागेचे पैसे भरा, मग तुम्ही प्रेस्बिटेरियन असा, कॅथलिक असा नाहीतर यहुदी. म्हणूनच इथलं पहिलं दफन सप्टेंबर १८३२ मध्ये जोसेफ लीव्ही या कॉलऱ्यानं गेलेल्या यहुदी गृहस्थाचं झालं. पहिलं ख्रिस्ती दफन १८३३ मध्ये. यहुद्यांचा तो छोटा कोपरा टेकडीच्या वायव्येला पायथ्याशी आहे, आणि तिथला स्तंभ जेरुसलेमच्या अबशालोमच्या (बायबलमधल्या दावीद राजाच्या मुलाच्या) स्तंभावरून घडवला आहे. त्यावर इंग्रज कवी बायरनच्या ओळी कोरल्या आहेत. शहरात यहुदी तेव्हा अगदी थोडे होते. तो कोपरा बघितल्याशिवाय कुणी परतू नये असं मला मनापासून वाटतं. वर जायच्या घाईत लोक त्याच्या शेजारून निघून जातात.

आता क्रूस. स्कॉटलंडचा प्रेस्बिटेरियन पंथ कडक. मूर्ती, चित्र, क्रूस या सगळ्यांत त्यांना रोमच्या पोपचा वास यायचा. मग १८३०-४० च्या श्रीमंत प्रेस्बिटेरियनानं आपल्या कबरीवर काय उभारायचं? त्यानं ग्रीस, रोम आणि इजिप्तकडून उसनं घेतलं. कलश, मोडका स्तंभ, ओबेलिस्क (वर निमुळता होत जाणारा चौकोनी इजिप्शियन स्तंभ), देवळाचा दर्शनी भाग. धर्माचं चिन्ह टाळायचं होतं आणि थोरवी तर दाखवायची होती, त्यातून ही भाषा आली. क्रूस दिसू लागतात ते शतकाच्या उत्तरार्धात, तेही बहुतेक केल्टिक घाटाचे, म्हणजे पोपचे नव्हेत, 'आपले' जुने. त्यामुळे क्रूस बघून कबर साधारण कधीची ते मी अंदाजानं सांगू शकते.

तुम्ही ओलांडलेला पूल डेव्हिड हॅमिल्टन आणि त्याच्या मुलाचा, १८३३-३४ चा. खाली तेव्हा मॉलेंडिनार नावाचा ओढा वाहत होता. याच ओढ्याकाठी सेंट मंगो या ख्रिस्ती संतानं ग्लासगो वसवलं अशी कथा आहे. १८७० च्या दशकात तो गटारासारखा झाला म्हणून बंदिस्त केला, आता वर रस्ता आहे. एका काठाला जुनं कॅथीड्रल, दुसऱ्या काठाला नवं स्मशान, आणि अंत्ययात्रा पुलावरून जायच्या, म्हणून लोक त्याला व्हेनिससारखं 'उसाशांचा पूल' म्हणू लागले. पुलावरच्या शिलालेखात मर्चंट्स हाउसनं लिहून ठेवलं आहे की आधी गेलेल्या पिढ्यांच्या कबरी आणि अजून जन्माला न आलेल्यांची विश्रांतीची जागा हा पूल जोडतो. १८३८ च्या लोखंडी फाटकांवर संस्थेचं चिन्ह आहे: पृथ्वीच्या गोलावर शिडाचं जहाज, आणि लॅटिन ब्रीद, ज्याचा अर्थ 'पुन्हा पुन्हा त्याच जागी परतणारे'. व्यापारी जहाजांसाठी लिहिलेलं हे वाक्य स्मशानाच्या फाटकावर वाचताना दर वेळी माझं पाऊल थबकतं.

पूल ओलांडल्यावर समोर जो बंद दरवाज्याचा दर्शनी भाग दिसतो, तो जॉन ब्राइसचा, १८३६ चा. टेकडीच्या पोटातून बोगदा काढून आत तळघरांत शवपेट्या ठेवायचा बेत होता. तो बारगळला आणि दार तेवढं राहिलं. जरा वर इजिप्शियन धाटणीची तळघरं आहेत. कबर तयार होईपर्यंत शवपेटी तिथे ठेवत. कबर तयार व्हायला वेळ का लागायचा, याचं उत्तर तुमच्या पायाखाली आहे.

ही टेकडी डोलेराइटची आहे. जमिनीच्या पोटातच थिजलेल्या शिलारसाचा खडक. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचा हा सख्खा नाही पण चुलत भाऊ नक्कीच, रासायनिक घडण जवळपास तीच. इथे फावड्यानं कबर खणता येत नाही. कित्येक कबरी सुरुंग लावून फोडाव्या लागल्या. व्यापाऱ्यांना यातही फायदा दिसला: खडकात फोडलेली कबर प्रेतचोराला उकरता येत नाही. दफनाच्या जागेला स्कॉटिश बोलीत 'लेअर' म्हणतात, आणि इथल्या लेअर म्हणजे अक्षरशः खडकातली घळ. वाईला काळ्या पाषाणावर छिन्नी उमटेना म्हणून रडकुंडीला आलेली मी. ग्लासगोच्या या टेकडीवर पहिल्यांदा उघडा खडक पाहिला तेव्हा परदेशात आल्यापासून प्रथमच काहीतरी ओळखीचं भेटलं.

स्मारकं मात्र त्या खडकाची नाहीत, तो घडवायला फार कठीण. ती आहेत वालुकाश्माची, म्हणजे ग्लासगोच्या आसपासच्या पिवळट आणि पुढे रेल्वेनं दक्षिणेकडून आलेल्या तांबड्या दगडाची, आणि ॲबरडीन-पीटरहेडच्या ग्रॅनाइटची. ग्रॅनाइटला आरशासारखी झिलई आणायची वाफेची यंत्रं ॲबरडीनमध्ये १८३० च्या दशकात आली, त्यानंतर श्रीमंतांचा ओढा तिकडे वळला. आज टेकडीवर फिरताना बघा: दीडशे वर्षांचा ग्रॅनाइट काल बसवल्यासारखा कोरा, आणि शेजारचा वालुकाश्म बोट लावलं तर वाळू झडतो.

कोणती स्मारकं बघावीत याची यादी द्यायची नाही असं ठरवलं होतं, पण तिघा-चौघांबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही.

चार्ल्स टेनंट. खुर्चीत सैल बसलेला, खांदे पडलेले, पॅट्रिक पार्क या शिल्पकाराचं काम. वीरासारखा ताठ न उभारता असा थकलेला माणूस घडवायला धाडस लागतं. टेनंटनं १७९९ साली ब्लीचिंग पावडरचं पेटंट घेतलं. त्याआधी कापड पांढरं करायला महिनोन् महिने उन्हात पसरून ठेवावं लागे. टेकडीच्या उत्तरेला सेंट रोलॉक्सचा त्याचा कारखाना जगातल्या सर्वांत मोठ्या रासायनिक कारखान्यांपैकी एक झाला. तो १८३८ साली वारला. त्यानंतर चारच वर्षांनी कारखान्याची चारशे फुटांहून उंच चिमणी उभी राहिली. त्या आणि शेकडो इतर चिमण्यांच्या धुरानं ही सगळी टेकडी काळवंडली. टेनंटच्या कोटाच्या चुण्यांत जी काळी पुटं बसली आहेत ती त्याच उद्योगाची राख आहे.

मेजर आर्चिबाल्ड डग्लस मॉन्टीथ. ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी, मृत्यू १८४२. त्याचं घुमटी स्मारक डेव्हिड कझिननं जेरुसलेमच्या पवित्र कबरीच्या चर्चच्या धाटणीवर रचलं, आणि टेकडीवरचं कोरीव काम म्हणून मी त्याला पहिलं स्थान देईन. गोल भिंत, अर्धवर्तुळाकार कमानींवर नागमोडी नक्षी. गावातली दंतकथा अशी की कुणा हिंदुस्थानी राजाचा जडजवाहिरानं लादलेला हत्ती त्याच्या हाती लागला आणि त्यावर तो श्रीमंत झाला. हत्ती खरा असो वा नसो, पैसा कुठून आला ही दिशा दंतकथेनं बरोबर धरली आहे.

आणि पैशाबद्दल बोलायचं तर जेम्स युइंगबद्दलही बोललं पाहिजे. ज्यानं हे स्मशान घडवून आणलं, तो जमेकात उसाच्या मळ्यांचा मालक होता, आणि ते मळे गुलामांच्या कष्टावर चालत. १८३३ साली ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी संपवणारा कायदा झाला, तेव्हा दोन कोटी पौंडांची भरपाई मालकांना मिळाली, गुलामांना नाही. युइंग १८५३ साली वारला आणि याच टेकडीवर त्याचं भारदस्त स्मारक आहे. स्थापत्याचं कौतुक करताना हे झाकून ठेवणं मला पटत नाही. माझ्याबरोबर कुणी आलं तर मी त्यांना त्या स्मारकापाशी थांबवते आणि हे सांगते.

चौथं स्मारक माथ्यावर नाही आणि सहज सापडतही नाही. ग्लासगोचा मुख्य पोलीस अधिकारी अलेक्झांडर मॅककॉल याचा केल्टिक क्रूस, १८८८ चा. तो रचणारा वास्तुकार चार्ल्स रेनी मॅकिंटॉश तेव्हा वीस वर्षांचा होता. वडील पोलीसखात्यात, त्या ओळखीतून काम मिळालं. पुढे ज्यानं ग्लासगो स्कूल ऑफ आर्टची इमारत दिली, त्याच्या हातचं हे अगदी सुरुवातीचं काम. मॅकिंटॉशच्या आधीचा ग्लासगोचा मोठा वास्तुकार अलेक्झांडर टॉमसन, त्याचीही दोन स्मारकं इथे आहेत. तो स्वतः मात्र नदीपलीकडे गॉर्बल्सच्या सदर्न नेक्रोपोलिसमध्ये आहे, आणि त्याच्या कबरीवर २००६ पर्यंत दगडही नव्हता.

दगड नसलेल्यांचाच इथे भरणा आहे. सुमारे ३७ एकरांत ५० हजारांच्या आसपास माणसं पुरली आहेत आणि स्मारकं आहेत साधारण साडेतीन हजार. हिरवळीचे जे मोकळे तुकडे तुम्हाला बागेसारखे वाटले असतील, त्यातले कित्येक मोकळे नाहीत.

आता आडव्या दगडांचा प्रश्न. यात माझा रोजचा धंदाच येतो. १९६६ साली मर्चंट्स हाउसनं हे स्मशान नगरपालिकेला दिलं. ज्या कुटुंबांनी स्मारकं उभारली ती केव्हाच पांगली, आणि प्रत्येक दगडाची मालकी त्यांच्याकडेच राहिली. मग दुरुस्ती कोण करणार? उंच दगड सैल झाला तर तो कुणाच्या अंगावर पडू नये म्हणून नगरपालिका आडवा ठेवते. काही दगड दारुड्यांनी आणि पोरांनी ढकलले हेही खरं, पण बहुतेकांचं कारण आत दडलेलं असतं. ओबेलिस्क किंवा कलश खालच्या दगडावर लोखंडी खुंटीनं बसवलेला असतो. सांध्यातून पाणी गेलं की लोखंड गंजतं, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. तो आतून दगड फोडतो. जुन्या चांगल्या पाथरवटांनी खुंटीभोवती वितळलेलं शिसं ओतलं, तिथे पाणी पोचलं नाही, ते दगड अजून उभे आहेत.

दुसरं कारण दगडाच्या थरांचं. वालुकाश्म नदीच्या वाळूसारखा थरांनी बनतो. खाणीत थर जसे आडवे असतात तसेच बांधकामात आडवे ठेवायचे हा नियम. पण उंच, पातळ शिला हवी असली की ती थरांना समांतर कापून उभी करावी लागते, म्हणजे थर पुस्तकाच्या पानांसारखे उभे राहतात. पाऊस आत शिरतो, थंडीत गोठतो, आणि वरचं पान सुटतं. त्या पानावरच नाव असतं. एकदा एका शिलेवर मी हात ठेवला आणि तळहाताएवढा पापुद्रा अलगद माझ्या हातात आला, त्यावर कोरलेल्या नावाची शेवटची तीन अक्षरं होती. मागच्या दगडावर काहीही उरलं नव्हतं. तो पापुद्रा मी पेटीत कापसावर ठेवला, पण परत चिकटवून काय साधणार, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही.

तिसरं कारण माणसाचं: सिमेंट. दरजा भरायला चुना हवा, कारण तो दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र असतो, ओल त्याच्यातून बाहेर पडते. विसाव्या शतकात कुणी कुणी घाईत सिमेंट भरलं. ओल कोंडली, दगडातून वाट काढू लागली, लोणा धरला, आणि दरज शाबूत राहून दगडच झिजला. टेकडीवर अशा जागा ओळखता येतात: सिमेंटची रेघ फुगलेल्या शिरेसारखी पुढे आलेली, आजूबाजूचा दगड बोटभर आत गेलेला. वाईला आमचे उस्ताद हेच सांगत: चुना दगडाच्या आधी मरायला हवा.

आडवा ठेवलेला दगड सुरक्षित होतो असं नाही. अक्षरांची बाजू वर असेल तर पाणी अक्षरांतच साचून गोठतं, आणि उभ्यानं शंभर वर्षं टिकलेलं नाव पंधरा-वीस हिवाळ्यांत पुसलं जातं. पालथा ठेवला तर अक्षर वाचतं पण कुणाला दिसत नाही. २००५ पासून 'फ्रेंड्स ऑफ ग्लासगो नेक्रोपोलिस' ही स्वयंसेवकांची संस्था इथे काम करते, पैसे उभे करून एकेक स्मारक दुरुस्त करून घेते आणि लोकांना टेकडी फिरवून दाखवते. जमलं तर त्यांच्याबरोबर जा.

तुम्ही परत मुलीकडे गेलात आणि अक्षरं वाचायची असतील तर एवढं करा. खडू, पीठ किंवा तारेचा ब्रश दगडाला लावू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत दुपारी दोनच्या सुमारास, ऊन असलं तर, पश्चिमेच्या उतारावर जा. सूर्य खाली असतो, ऊन दगडाला घासून जातं, आणि जी ओळ उन्हाळ्यात कोरी वाटते ती वाचता येते. ढग असतील, आणि ग्लासगोत ते असतातच, तर खिशातली विजेरी दगडाच्या कडेला टेकवून उजेड तिरपा सोडा. रबरी तळव्याचे बूट घाला, ओली हिरवळ फार निसरडी असते.